रिकामं पाऊल

साखरेमुळे दोन वर्षांपासून माझे तळपाय बधिर आहेत. चटई कुठे संपली आणि फरशी कुठे लागली, हे मला डोळ्यांनीच कळतं. चैत्रात माझी पत्नी हर्षदा गेली, तेव्हा तेच बधिरपण छातीपर्यंत चढलं. रडू आलं नाही. तेराव्यानंतर मी नेहमीसारखा शनिवारी गंजाडच्या पाड्यावर मुलांना शिकवायला जाऊ लागलो.

ज्येष्ठात घरातच पडलो. वापीहून मुलगी दक्षा आली आणि आता तिच्याकडेच राहायला यायचं म्हणाली. पाड्यावर जायला भातशेताचा बांध चालावा लागतो. तिथे पडलो तर उचलणार कोण? मी महिना मागून घेतला. महिन्याने तिच्यासमोर बांध चालून दाखवायचा, नाही जमला तर वापी.

डहाणूतली फिजिओथेरपिस्ट हेतल तोल सावरायला 'ताई ची' हा संथ चिनी व्यायाम शिकवते. गुडघे सैल, पाठ सरळ, श्वास सावकाश. सगळा भार एका पायावर घ्यायचा म्हणजे दुसरा रिकामा होतो. रिकामं पाऊल टेकवायचं, जमीन अजमावायची, मगच भार हळूहळू त्यात ओतायचा. मी अजमावायचो आणि खाली काहीच नसायचं. हेतल रोज विचारायची, "काका, काय जाणवतंय?" मी रोज म्हणायचो, "काहीच नाही."

शिकलेलं दुसऱ्याला शिकवल्याशिवाय मला नीट कळत नाही. महिनाभर मुलं बांध ओलांडून रस्त्याकडेच्या आंब्याखाली येत होती, त्यांना मी तेच शिकवू लागलो. त्यांनी त्याला बगळ्याची कवायत असं नाव ठेवलं. ती तासन् तास एका पायावर उभी राहायची. शितल सात वर्षांची. ती म्हणाली, "गुरुजी, तुमचा बगळा हलतो."

शेजारच्या शेतात शितलची आजी बुधीबाई भाताची आवणी करत होती. वाकून रोप खोवायचं, एक पाऊल मागे. पायाखालचं तिला दिसत नव्हतं. मी तिला विचारलं, मागची जागा कशी कळते?

"दुपारनंतर चिखलात पाय मरतोच," ती म्हणाली. "त्याला कशाला विचारतोस, गुरुजी? उभ्या पायाला विचार. टेकवलेला पाय परत उचलता येतो का बघ. येतो ना, तर अजून काही बिघडलं नाही."

उरलेले दिवस मी एवढंच केलं. टेकवायचं, परत उचलायचं.

ठरलेल्या शनिवारी दक्षा माझ्या मागून बांधावर चढली. पलीकडे मुलं उभी होती. अर्ध्यावर मी उजवं पाऊल टेकवलं. पायाला काहीच कळलं नाही, पण डावा गुडघा लवत चालला होता; उजवं पाऊल जास्तच खाली जात होतं. मी ते उचलून मागे घेतलं. खेकड्यांनी बांध आतून पोखरला होता. हातभर पुढे टेकवलं, तिथे जमीन लागली. भार ओतला, ओलांडलो.

"दक्षा, तिथे नको," मी म्हणालो. पण ती तिच्या वाटेकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होती. गुडघ्यापर्यंत आत गेली. मुलं हसली. शेतातली बुधीबाईही हसली.

मी वळलो, भार मागच्या पायावर घेतला आणि हात दिला. ती वर आली. तिचा हात गार आणि चिखलाने माखलेला होता. तो मी पलीकडे पोहोचेपर्यंत सोडला नाही.

पाड्यावरच्या पंपाखाली तिने पाय धुतला. वापीचं नाव काढलं नाही. "पप्पा," ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी काठी तरी घ्या."

आनंद व्हायला हवा होता. झाला की नाही, सांगता येत नाही. मुलं कवायतीसाठी रांगेत उभी राहिली होती. मी डावा पाय रिकामा केला.