निळा वीस, लाल सव्वाशे

मी एक जुना गेज आहे. मोटारीच्या एसीत गॅसचा दाब किती आहे ते मी सांगतो. मला दोन तोंडं आहेत, एक निळं आणि एक लाल. पण मित्रांनो, खोटं मी एकाही तोंडाने बोलत नाही.

कारखान्यात एका बाईने बारीक स्क्रू फिरवून माझे दोन्ही काटे शून्यावर आणले, काचा बसवल्या आणि "जा बाबा, नीट काम कर" असं पुटपुटत मला पेटीत ठेवलं. पेटी उघडली ती उस्तादांच्या गॅरेजात. उस्ताद एसीचे मेकॅनिक, आणि वायरिंगचं काम त्यांच्या लेकीकडे. बापलेकीचं दिवसभर काही ना काही वाजायचं, पण कामात एकमेकांवाचून पान हलत नसे.

उस्तादांची एक पद्धत होती. गाडी कुणाचीही असो, आधी माझ्या नळ्या जोडायच्या, इंजिन चालू करून पाच मिनिटं थांबायचं आणि मग खणखणीत आवाजात आकडे पुकारायचे. लेक ते खडूने फळ्यावर लिहायची. आकडा फळ्यावर चढल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. कुणी घाई केली की उस्ताद म्हणायचे, "आजार कळल्याशिवाय औषध देत नाही, साहेब." त्यांनी पुकारलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! तेव्हा मी किती फुगायचो म्हणून सांगू! खरं तर आकडा माझा असायचा, पण नाव उस्तादांचं व्हायचं. व्हायला हवंच होतं.

मग उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला. आधी ते मला अगदी नाकाशी धरायचे. मग सदऱ्याने माझी काच पुन्हा पुन्हा पुसू लागले. "मेली, जुनी झाली काच," म्हणायचे. अहो, काच कसली जुनी? पण न दिसणाऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण देणार, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पोटच्या लेकीलाही नाही. हाताने पाइप चाचपायचे, कानाने कॉम्प्रेसर ऐकायचे आणि आकडे मात्र पहिल्यासारखेच खणखणीत पुकारायचे. अंदाज बरोबर यायचाही. दहातल्या नऊ गाड्यांचा गॅसच कमी झालेला असतो.

दहावी गाडी एका निवृत्त पोस्टमनकाकांची होती. गाडीत मागे काकू उशीला टेकून बसल्या होत्या. हृदय थकलेलं, बोलतानाही धाप लागे. दूरच्या गावी त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती. दोघी सहा वर्षांत भेटल्या नव्हत्या. डॉक्टरांनी काकूंना एका दिवसाच्या प्रवासाची परवानगी दिली होती, पण उन्हात तापायचं नाही या अटीवर.

काका म्हणाले, "गाडी पळते तोवर गार येतं हो. थांबली की वाफा मारते."

मित्रांनो, याच वाक्यात सगळं उत्तर होतं! एसीची उष्णता बाहेर टाकायला पुढे एक जाळी असते आणि जाळीमागे पंखा. तो पंखा बंद पडला होता. गाडी पळताना वारा जाळीतून जायचा. थांबली की उष्णता आतच कोंडायची. माझे दोन्ही काटे वर चढले. निळा साठावर, लाल थेट तीनशेवर. मी याहून मोठ्याने कसं ओरडणार?

उस्तादांनी मला उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि पुकारलं, "निळा वीस, लाल सव्वाशे! गॅस कमी आहे."

लेकीने फळ्यावर लिहिलं. बापाच्या आकड्यावर तिने कधी शंका घेतली नव्हती. आधीच दाब वाढलेल्या गाडीत आणखी गॅस भरला गेला. माझ्याच नळीतून गेला हो! माझा जीव तीळ तीळ तुटत होता.

काकू खिडकीतून म्हणाल्या, "उस्ताद, तुमच्या भरवशावर निघतेय हं."

"बिनधास्त जा, वहिनी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रेल्वेच्या बंद फाटकापाशी गाडी पाऊण तास अडकली. एसीने मान टाकली, पाठोपाठ इंजिन तापून बंद पडलं. काकूंना भोवळ आली. बहिणीचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं, पण काकांना दुसरी गाडी करून उलट इस्पितळाकडे पळावं लागलं. काकू परत घरी आल्याच नाहीत. त्यांच्या मागोमाग आठवड्यात बहीणही गेली.

महिन्याने काका एकटे आले आणि हे सगळं त्यांनीच सांगितलं. "गाडी विकायचीय. तेवढी बघून द्या."

उस्तादांनी सवयीने मला उचललं. पण या वेळी लेक फळ्याजवळ नव्हती, अगदी शेजारी उभी होती. तिची नजर माझ्यावर पडली आणि ती थबकली. "बाबा, अहो लाल काटा कुठे गेलाय बघा! पंखा फिरत नाहीये." मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही सव्वाशे कुठून आणलेत?"

उस्ताद खाली बसले. "मला काटा दिसत नाही, पोरी. वर्ष झालं." मग काकांकडे वळून त्यांनी हात जोडले. "मी अंदाजाने बोललो. चूक माझी आहे."

काका म्हणाले, "एवढंच त्या दिवशी बोलला असतात, तर तुमच्या लेकीनेच बघितलं असतं की हो. ती तर तिथेच उभी होती." आणि डोळे पुसत ते रस्त्याकडे चालत गेले.

लेकीने पंखा बदलला. उस्तादांनी पुढे डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं, पण माझ्याकडे ते बघत नाहीत. मी खुंटीला टांगलेला असतो. मला त्यांचा राग येत नाही, कीवही येत नाही. फक्त रडू येतं, आणि काट्यांना रडता येत नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो. यंत्राची काळजी घ्या, ते ठीकच. पण जे दिसत नाही, कळत नाही, ते शेजारच्याला मोकळेपणी सांगा. सांगताना लाज वाटेल, मला माहीत आहे. पण दोन बहिणींची भेट त्या लाजेपेक्षा फार मोठी होती.