माठांच्या खोलीतला पंखा

"भावोजी, हे दार कुणी उघडलं?"

कुंभारणीनं भट्टीच्या सरपणाचा भारा अंगणात आपटला आणि तशीच आत धावली. माठांच्या खोलीचं दार सताड उघडं, खिडकीवरचं ओलं पोतं जमिनीवर, अन् मध्ये खाट टाकून तिचा धाकटा दीर पंखा लावून घोरत पडलेला. काल शहरातून आला होता, चार दिवस विसावा घ्यायला.

"मीच उघडलं, वहिनी," तो डोळे चोळत उठला. "आत जीव गुदमरत होता. आणि म्हटलं, वारं लागलं तर तुमचे माठही लवकर वाळतील."

"लवकर!"

ती ओळीनं माठ पाहत गेली. गळ्याशी तडा. बुडाला तडा. काल थापून ठेवलेली सगळी रास फुटली होती. इथली हवा म्हणजे नुसती आग. पाऊस वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा डोकावतो न् चहा न घेताच जातो. धुतलेलं लुगडं पिळेपर्यंत वाळतं, पोराच्या नाकातून रक्त येतं. या उन्हापायीच लोक माठ मागतात आणि हेच ऊन माठ होऊ देत नाही! झटकन वाळला की माठ तडकतो, म्हणून ओला माठ बाळंतिणीसारखा अंधारात, ओल्या पोत्याआड जपायचा. हे जन्मभर बघितलेला माणूस, पण शहरात गेला आणि विसरला.

"जाऊ दे गं," दारातून नवरा पुटपुटला. "मुद्दाम केलं का त्यानं?"

"तुमचं सगळं आयुष्य जाऊ दे म्हणण्यात गेलं! परवा भट्टी लावायची, त्यात काय तुमचा भाऊ भाजू?"

दीर खाली मान घालून म्हणाला, "कच्चेच आहेत ना? भिजवून पुन्हा घडवू."

"भिजवू कशानं? नळाला पाणी सोमवारी. घरात प्यायचा एक हंडा उरलाय."

"आणि माझ्या अंघोळीची बादली..." तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

कुंभारणीनं मोरीतली भरलेली बादली उचलली. फुटके माठ अंगणातल्या माती तुडवायच्या खड्ड्यात फेकले, बत्त्यानं चुरले आणि बादली त्यावर उपडी केली.

"वहिनी! अंगाला घाम..."

"वारं आवडतं ना तुम्हाला? त्यानंच अंघोळ करा. आधी पँट दुमडा आणि उतरा."

नवरा तोंड फिरवून हसला. दीर कुरकुरत चिखलात उतरला. दोन पावलं टाकली न् त्याचा चेहराच बदलला.

"गार आहे हो, वहिनी! अख्ख्या घरात एवढी गार जागा नाही."

"तुडवा मग. अंधार पडेपर्यंत बाहेर यायचं नाही."

तेवढ्यात पडक्या कुंपणावरून गरम वाऱ्याचा लोट आला, तिच्या तोंडात धूळ भरली. ती थुंकली, खड्ड्यावर ओलं पोतं धरून उभी राहिली आणि त्या वाऱ्याला आईबहिणीवरून शिव्या घालू लागली. दीर खाली चिखल तुडवत होता. मधूनमधून एखादी शिवी तोही जोडत होता.