बुटकं पिंप

हॉटेलवाल्याने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि मोरीत थुंकला. वाइन चाखणारे थुंकतातच, त्यात काही वावगं नाही. पण थुंकल्यावर त्याने खिशातून रुमाल काढून जीभ पुसली. जीभ! ते पाहून थोरलीने हातातला पेला खाली ठेवला.

"इथे घोडा बांधलाय का हो?" तो म्हणाला. "तबेल्याचा वास मारतोय. मागच्या वर्षी काय सुरेख होती!"

थोरलीचे वडील, म्हणजे अप्पा, या तळघराचे राजे. त्यांनी पेला उजेडात धरला, गोल फिरवला, नाक आत खुपसून डोळे मिटले. मग एक लांब सुस्कारा सोडून म्हणाले, "ते आमच्या थोरलीला विचारा. तिच्या सेंद्रिय शेतीचा प्रताप आहे हा. वेलींना औषध नको, वाइनला औषध नको. मग घाण नाही शिरणार तर काय अत्तर शिरणार?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षं! पाच वर्षं तिने त्या मळ्यात गुडघे झिजवले होते. तण हाताने काढलं, रोगट पानं एकेक करून तोडली, शेजारपाजाऱ्यांची टिंगल ऐकली, तेव्हा कुठे सेंद्रियचा शिक्का मिळाला. आणि हा माणूस गिऱ्हाइकासमोर एका वाक्यात सगळं मोरीत ओततोय!

"अप्पा, वेलींचा आणि या वासाचा काय संबंध?"

"बघितलंत? वर तोंड करून बोलायचं," अप्पा हॉटेलवाल्याला म्हणाले.

हॉटेलवाला भला माणूस. दुसऱ्यांच्या घरची भांडणं त्याला सोसत नसत. या वर्षीची वाइन नको, पुढच्या वर्षी बघू, असं काहीतरी पुटपुटत तो जिना चढून गेला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच अप्पांनी निकाल दिला. "सोमवारी फवारणीवाल्याला बोलवा. पुरे झाली ही थेरं. मळा पहिल्यासारखा चालेल."

"अगदी बरोबर," धाकटा म्हणाला. हा थोरलीचा भाऊ. उभ्या आयुष्यात त्याने अप्पांची री ओढण्यापलीकडे दुसरं काही ओढलेलं नव्हतं.

एकदा औषध फवारलं की शिक्का गेला आणि पाच वर्षंही गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि अप्पा पुन्हा सुरुवात करू देणार होते थोडेच?

ते दोघं वर गेले, पण थोरली तळघरातच थांबली. तिने बाही मागे सारली, काचेची लांब नळी घेतली आणि पिंपांच्या रांगेला भिडली. बूच काढायचं, नळीने थोडी वाइन ओढायची, वास घ्यायचा. पहिल्या पिंपात तोच वास, भिजलेल्या कुत्र्याचा, घामट खोगिराचा. दुसऱ्यात तोच, तिसऱ्यातही तोच. स्टीलच्या टाकीतली वाइन मात्र स्वच्छ होती. द्राक्षं तीच, मळा तोच, तोडणीही तीच. मग दोष वेलींचा कसा?

"बघा ना!" ती रिकाम्या तळघरात ओरडली. "टाकीला कसा नाही येत वास? टाकीने काय औषध घेतलंय?"

कोपऱ्यात बुटकं होतं. बुटकं म्हणजे सगळ्यांत लहान पिंप. लाकूड थोडी थोडी वाइन पीत राहतं, पिंपात वरती पोकळी होते, तिथे हवा शिरली की माल बिघडतो. म्हणून दर शनिवारी बुटक्यातली वाइन घेऊन प्रत्येक पिंप काठोकाठ भरायचं. हे काम अप्पांचं. दुसऱ्या कुणी झारीला हात लावला तर हात तोडायला निघायचे.

तिने बुटक्याचं बूच उपटलं आणि तोंड फिरवलं. शी! वास कसला, अख्खा तबेलाच कोंडून ठेवला होता आत.

म्हणजे बुटकं सडलं होतं, आणि दर शनिवारी झारी भरभरून ती घाण घरच्याच माणसाने पिंपापिंपात वाटली होती. पण कशी? शेंबडं पोरसुद्धा या पिंपाजवळून नाक धरून पळालं असतं. अप्पा तर हुंगल्याशिवाय झारी बुडवत नसत.

ती पायरीवर बसली आणि तिला एकेक आठवायला लागलं. मागे एकदा दूध करपून घरभर धूर झाला होता, आणि अप्पा गॅसशेजारी खुर्ची टाकून निवांत पेपर वाचत होते. नव्या साबणाचा उग्र वास सगळ्यांच्या डोक्यात गेला होता, एकटे अप्पा सोडून. त्या मोठ्या तापातून उठल्यापासून जेवण अळणी लागतं म्हणून ते सारखे मीठ मागत. आणि दर शनिवारी बुटक्यातली पेलाभर वाइन ते आईसाठी वर घेऊन जात. म्हातारपणी प्रेम कसं ऊतू चाललंय, म्हणून घरात सगळे हसायचे.

थोरली उठली ती दोन दोन पायऱ्या चढत स्वयंपाकघरात गेली. आई कांदा परतत होती.

"आई, अप्पांना वास येतो का गं?"

आईचा हात थांबला. कांदा करपायला लागला तरी तिने उलथनं हलवलं नाही.

"तापानंतर गेला," ती हळूच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, येईल परत. नाही आला."

"आणि तो शनिवारचा पेला?"

"मी वास घेऊन सांगायची, चांगली आहे, भरा."

"मग या वेळी काय झालं?"

"मी मावशीच्या ऑपरेशनला नव्हते का गेले महिनाभर? तेव्हा त्यांनी... त्यांच्या अंदाजाने भरलं."

"आणि परत आल्यावर? आल्यावर तरी वास घेतलास ना?"

आईने गॅस बंद केला. "घेतला."

"मग काय सांगितलंस?"

"चांगली आहे म्हणून सांगितलं." आईने पदराने डोळे टिपले. "काय करू गं? सगळी पिंपं तेव्हाच नासली होती. त्यांनीच नासवली हे कुठल्या तोंडाने सांगू? या घरात त्यांचं नाक म्हणजे... खचले असते गं ते."

"आणि मी? मी खचले नाही का? आज त्या हॉटेलवाल्यासमोर माझी अब्रू काढली त्यांनी! तू जिन्यावरून ऐकत होतीस, हो ना? ऐकलंस आणि मूग गिळून बसलीस! सोमवारी माझा मळा बुडणार, आणि तू कांदे परततेस?"

"थोरले, पाया पडते. चारचौघांत बोलू नकोस त्यांना."

"मला बोलले तेव्हा चारचौघेच होते की!"

तिने दोन पेले घेतले, खाली गेली, आणि भरून वर आली. अप्पा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. धाकटा शेजारी बसून फवारणीवाल्याचा नंबर शोधत होता. आई दारात येऊन उभी राहिली. थोरलीने दोन्ही पेले अप्पांसमोर आदळले, दोन थेंब सांडलेसुद्धा.

"यातली एक बुटक्यातली आहे, एक टाकीतली. कुठली कुठली, सांगा. बरोबर सांगितलंत तर सोमवारी मी स्वतः फवारते."

"हा काय पोरखेळ?" अप्पा म्हणाले.

"सांगा की अप्पा," धाकटा हसत म्हणाला. "दोन सेकंदांचं काम आहे तुमचं."

अप्पांनी डावा पेला उचलला. उजेडात धरला, फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. सगळा थाट जसाच्या तसा. मग उजवा. मग पुन्हा डावा. थोरलीला ते बघवेना, आणि बघवत नाही याचाच तिला आणखी राग आला. अप्पांनी डोळे उघडले आणि सरळ दाराकडे पाहिलं, आईकडे.

आई जवळ आली. पेल्यांवर जरा वाकली आणि झटकन मागे सरकली. तिने थोरलीकडे पाहिलं. दोन्ही पेल्यांत बुटकंच होतं. नशिबाने बरोबर सांगायलाही जागा ठेवली नव्हती पोरीने.

"माझ्याकडे नका बघू," आई म्हणाली. "आता नाही हो जमणार मला."

धाकट्याचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकलं. अप्पांनी पेला खाली ठेवला. थोरलीला वाटलं, ते ओरडतील. ओरडायला हवे होते, म्हणजे तिलाही ओरडता आलं असतं. पण त्यांनी दोन्ही पेले नुसते लांब सरकवले.

"फवारणीवाल्याला फोन नको करू," ते धाकट्याला म्हणाले.

"तेवढ्याने नाही भागणार," थोरली म्हणाली. "हॉटेलवाल्याला करा. तुम्ही स्वतः."

"थोरले, पुरे," आई म्हणाली.

"का पुरे? माझं नाव त्याच्यासमोर घेतलं, आता त्याच्यासमोरच पुसा." तिने नंबर लावून फोन अप्पांच्या हातात कोंबला.

पलीकडे भांडी आपटत होती, कुणीतरी ऑर्डर ओरडत होतं. हॉटेलवाला स्वयंपाकघरातच असावा.

"मी बोलतोय," अप्पा पुटपुटले. "सकाळचं... ते पोरीचं नाही. तिच्या वेली चांगल्या आहेत. माझंच... मला वास येत नाही."

"काय म्हणालात? ऐकू येत नाहीये! जोरात बोला!"

अप्पांनी थोरलीकडे पाहिलं. तिने हाताची घडी घातली आणि नजर हलवली नाही.

"मला वास येत नाही!" अप्पा घर दणाणेल असे ओरडले. "दोन वर्षं झाली! मला कशाचाच वास येत नाही! पिंपं मी नासवली, माझ्या पोरीने नाही!"

पलीकडची भांडीसुद्धा थांबल्यासारखी वाटली. अप्पांनी फोन टेबलावर ठेवला. त्यांना धाप लागली होती.

"झालं समाधान?"

"नाही," थोरली म्हणाली, आणि ते खरंच होतं. राग इंचभरही उतरला नव्हता. फक्त तिला आता रडूही येत होतं, आणि त्या रडण्याचाही राग येत होता. "उद्या सकाळी खाली या. सगळी पिंपं मोकळी करायची आहेत. वास मी घेईन, उचलायला तुम्ही."

तिने दोन्ही पेले उचलले आणि मोरीत ओतायला निघाली.

"थोरले," अप्पांनी मागून हाक मारली. "टाकीतली... ती कशी आहे गं?"

"चांगली आहे!" ती वळून ओरडली. "चांगली आहे, अप्पा! पहिल्या दिवसापासून चांगली आहे!"