उरलेला मजकूर पान पाचवर

बोलतोय मी, एका निवृत्त वार्ताहराचा ब्लॉग. दचकू नका. इतकी वर्षं माझा मालक माझ्या तोंडून जगाला सुनावत आलाय, आज मी त्याच्याबद्दल दोन शब्द सुनावणार आहे. भाषा जरा चढी वाटली तर समजून घ्या. ज्याच्या हाताखाली वाढलो त्याचाच स्वभाव लागणार.

माझा जन्म रागातून झाला. मालक ज्या वर्तमानपत्रात होता, तिथल्या संपादकाने त्याच्या बातमीचे शेवटचे दोन परिच्छेद कापले आणि त्या जागी गाद्यांची जाहिरात लावली. मालक घरी आला, बूटही न काढता संगणकासमोर बसला आणि त्याने मला उघडलं. "आता बघतो कोण कापतो ते!" हे माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य. तान्ह्या बाळाशी कोणी असं बोलतं का?

मला घडवलंही त्यानेच, कोणालाही न विचारता. जन्म वर्तमानपत्रात गेलेला, त्यामुळे पान म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर छापील पानच. मला तीन अरुंद स्तंभ मिळाले, मुंगीएवढी अक्षरं मिळाली आणि वर ओरडणारा काळाकुट्ट मथळा. एवढ्यावर थांबला असता तरी मी निभावून नेलं असतं. पण माझा प्रत्येक लेख निम्म्यावर तुटायचा, कधीकधी तर वाक्याच्या मधोमध, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'उरलेला मजकूर पान पाचवर'.

कागदावर जागा संपते म्हणून लेख आतल्या पानावर जातो, हे मला कळतं. पण मला जागेची कसली टंचाई? बरं, माझ्याकडे पान दोन, तीन, चार नव्हतीच. एक, आणि एकदम पाच! हे मालकाला सांगणार कोण? त्याला कोणी काही सांगितलं की तो आधी विचारायचा, "तुम्ही किती वर्षं पत्रकारिता केलीत?"

त्याची लिहिण्याची रीत मात्र प्रामाणिक होती. आधी समोरच्याची बाजू समोरच्यापेक्षाही चांगली मांडायची आणि मग एकेक मुद्दा घेऊन त्याची सालं काढायची. सालं निघायची पान पाचवर.

माझे वाचक मोजकेच. त्यात न चुकता येणारी एक, मालकाची थोरली बहीण. निवृत्त परिचारिका, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला. लेखाखाली त्यांची प्रतिक्रिया ठरलेली: 'वाचलं. चिडू नकोस. गोळ्या घेतल्यास का?' मालक चरफडायचा, "ताई माझ्या गोळ्या जगासमोर काढते!" पण त्याने एकही प्रतिक्रिया कधी पुसली नाही.

मग ताईंची बस बंद होणार अशी बातमी आली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या त्याच बसने व्यायामासाठी रुग्णालयात जायच्या आणि परतताना भावाकडे डोकावायच्या. मालक पेटला. स्वतः त्या बसमधून हिंडला, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांशी बोलला आणि शोधून काढलं, की परिवहन कार्यालयाने प्रवासी मोजले ते नेमके शाळा-कॉलेजांच्या सुट्टीत. त्यावर त्याने लेख लिहिला. नेहमीच्या रीतीने, अर्थातच. पहिल्या पानावर अधिकाऱ्यांची बाजू: रिकामी बस, वाढता खर्च, आणि शेवटी, 'तेव्हा ही बस बंद करणंच शहाणपणाचं, असं कोणालाही वाटेल.' पुढचा 'पण' पान पाचवर.

ताई मला फोनवर वाचायच्या. तिथे माझे तीन स्तंभ म्हणजे तीन सुतळ्या. बोटाने सरकवत सरकवत त्या 'कोणालाही वाटेल'पर्यंत पोहोचल्या. त्याखालची ओळ फोनवर मलाच दिसत नव्हती, त्यांना काय दिसणार? त्यांनी लिहिलं, 'माझी बस बंद व्हावी असं तुलाही वाटतं? छान. आता नाही येत मी.'

यावर माझ्या मालकाने सख्ख्या बहिणीला काय उत्तर दिलं असेल? 'वाचकांनी पूर्ण लेख वाचूनच मत मांडावं.'

वाचकांनी! मला हात असते तर त्याचे धरले असते.

ताईंचे फोन येणं बंद झालं. मालक सकाळ-संध्याकाळ मला उघडायचा, प्रतिक्रियांपाशी घुटमळायचा आणि स्वतःलाच सांगायचा, "शुद्धलेखन तपासतोय." एकदा परिवहन अधिकाऱ्याचीच प्रतिक्रिया आली: 'पाठिंब्याबद्दल आभारी आहे.' मालक खूश. "बघा, कसा टोमणा मारतोय! झोंबलंय त्याला."

अशात एका दुपारी ताईंची मुलगी दारात उभी राहिली. दुकानांची, दवाखान्यांची संकेतस्थळं सजवणं हे तिचं काम.

"मामा, आईने पाठवलेलं नाही मला. आधीच सांगते."

"मग कशाला आलीस?"

"तुझा ब्लॉग बघवत नाही म्हणून. हलका हात फिरवते. कोणाच्या लक्षातही येणार नाही."

"लक्षात येणार नाही तर करायचं कशाला?"

तिने स्वतःचा फोन त्याच्या हातात ठेवला. "बसवाला लेख. शेवट वाचून दाखव."

मालकाने फोन लांब धरला, जवळ आणला, चष्मा कपाळावर चढवला. "शेवट पान पाचवर आहे."

"मग जा की पान पाचवर."

त्याने बोट दाबलं. मी तसाच. पुन्हा दाबलं, मी तसाच. "दाबतोय ना!" तो माझ्यावरच खेकसला.

"तिथे किती जण पोचलेत बघायचंय?" तिने माझे आकडे उघडले. "हा तू. हापण तूच. आणि हा कालचा, तोही तूच."

"शुद्धलेखन तपासत होतो."

मालक आकड्यांकडे बघत राहिला. "म्हणजे ताईने..."

"आईनेच नाही, सगळ्यांनी अर्धाच लेख वाचलाय. तो अधिकारी खरंच आभार मानतोय, मामा! तुझा संपादक परवडला, तो दोनच परिच्छेद कापायचा."

मालकाने उठून आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

मग तिने काम सुरू केलं. अक्षरं थोडी मोठी, ओळींमध्ये श्वास घेण्यापुरती जागा, तिन्ही स्तंभांचा एकच. मालक मागे उभा, पहारेकऱ्यासारखा. "मथळ्याला हात लावायचा नाही!"

"केस विंचरतेय, नाक बदलत नाहीये."

पान पाच गेलं. माझं धड आणि माझे पाय इतक्या वर्षांनी एकमेकांना भेटले. लाजच वाटली जरा.

"आता आईला फोन कर."

"वाचेल की ती."

"मामा!"

त्याने फोन लावला. "ताई... हो, मीच. तो लेख पुन्हा वाच... नाही, पूर्ण वाच असं म्हणत नाहीये... म्हणजे म्हणतोय, पण... अगं, चूक माझी आहे." फोनवर पुढे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मालक मात्र बराच वेळ नुसता "हो" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "घेतल्या गोळ्या."

ताई दुसऱ्याच दिवशी आल्या, त्याच बसने. काठी भिंतीला टेकवायच्या आत सुरू झाल्या, "शेवट तर झकास लिहिलायस. मेल्या, तो आधी लिहायला काय झालं होतं?"

आता बसचा निर्णय होणार आहे. परवा परिवहन कार्यालयात लोकांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत. त्याआधी नवा लेख जायला हवा, म्हणून बहीण-भाऊ सकाळपासून माझ्यासमोर बसलेत. ताई म्हणतात, पहिलंच वाक्य 'बस चालू ठेवा' असं हवं. मालक म्हणतो, आधी कार्यालयाची बाजू मांडायला हवी. ताई म्हणतात, त्यांची बाजू मांडायला त्यांना पगार मिळतो. मालकाने विचारलं, "तू किती वर्षं पत्रकारिता केलीस?" ताईंनी विचारलं, "तू किती वर्षं त्या बसची वाट बघितलीस?" भाची डोक्याला हात लावून बसलीय.

आणि मी नीटनेटका, विंचरलेला, सगळा एका पानात मावलेला, तरी कोरा उभा आहे. तुमच्यापैकी कोणी या दोघांच्या ओळखीचं असेल तर एवढा निरोप द्या: पहिलं वाक्य कोणाचंही घ्या, पण बस धावतेय तोवर मला लोकांपुढे जाऊ द्या.