पदराआडचं बोलणं

वरंधच्या वरच्या वाडीत तुळसा लग्न होऊन आली ती आईचा एक उपदेश गाठीला बांधून: सासरी काहीही झालं तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही. पदर भुवयांपर्यंत, नजर पायाच्या अंगठ्यावर. पोरीनं तो इतका मनावर घेतला की देवळातली दगडी देवीही हिच्यापुढं हसरी दिसावी.

नवरा सहदेव जन्माचा मुका-बहिरा. त्याच्याशी बोलायच्या खुणा सासूनं, भागूबाईनं, तिला चुलीपाशी शिकवल्या. कपाळाशी दोन बोटं म्हणजे म्हैस, जमिनीवर तळवा थोपटला म्हणजे राहा. तुळसा भराभर शिकली. म्हातारी मात्र खुणा करताना भुवया उडवी, गाल फुगवी, नाक मुरडी. ती तिची खोडच असेल, असं समजून तुळसानं हात तेवढे घेतले, तोंड सोडलं. सगळा घोळ तिथंच झाला.

सहदेव तिच्या हातांकडं बघायचाच नाही. पदराखाली डोकावायचा आणि तिथं काही सापडलं नाही की चिडून गोठ्यात जायचा. तिला वाटे, आपण याला आवडलोच नाही.

शिमग्याला चुलतभाऊ गोमाजी मुंबईहून आला. "गिरणीतल्या खडखडाटात बहिऱ्यालाच सुख हाय, काका. मी नेतो याला," म्हणाला. सासरे आबाजी कबूल झाले. सहदेवनंही मान डोलावली. तुळसाचं चित्त ठिकाणावर राहीना. भाकरी करपे, भरलेली घागर विहिरीवरच राही. नवरा दिसला की ती घाईघाईनं जमिनीवर तळवा थोपटी. तो बघे, खांदे उडवी आणि चालू लागे.

निघायची सकाळ आली. अंगणात आबाजी, गोमाजी आणि गाठोडं घेतलेला सहदेव. तुळसा त्याच्या वाटेतच बसली. राहा. राहा. तळवा लाल झाला, तरी सहदेवनं तोंड फिरवलं.

"अगो, भिंतीसारखं तोंड करून राहा म्हटलंस तर कोण राहील?" भागूबाई दारातून ओरडली. "तो हात नाय बघत गो, तोंड बघतो!"

सासऱ्यांसमोर? तरी तुळसानं सहदेवचं धोतर ओढलं आणि पदर मागं टाकला. ओठ वाकडे झाले, डोळे वाहू लागले, एवढ्या महिन्यांचं साठलेलं सगळं चेहऱ्यावर आलं. हात मांडीवरच पडून राहिले.

आबाजी गडबडीनं भिंतीकडं वळले. "सुनेनं लाज सोडलीन," ते पुटपुटले.

सहदेवनं गाठोडं खाली ठेवलं. तिच्यासमोर बसून, भुवया उंचावून, त्यानं जमिनीवर हलकेच तळवा टेकवला: राहू?

"सोडू दे," डोळे पुसत भागूबाई म्हणाली. "माझ्यामागं माझ्या लेकाशी बोलणारं माणूस मिळालं."