अर्ध्या दाढीवर वाजलेला भोंगा

देवाने कात्रीमामांच्या हातात कसब घातलं, जिभेवर गोडवा घातला आणि पायात घाई घालायची तेवढी विसरला. मामांचा बाणा एकच: हातात घेतलेलं डोकं पुरं केल्याशिवाय सोडायचं नाही. केस कापायच्या दुकानात हा गुण. पण पन्नाशीला मामांना अग्निशामक दलात स्वयंसेवक व्हायची हौस आली आणि तिथे हाच गुण नडला.

दलाची रीत साधी. भोंगा वाजला की ज्याने त्याने हातातलं काम टाकून बंबाकडे धावायचं. बंबात जागा चार. चौथा बसला की बंब सुटला, मग मागून साक्षात देव हाका मारत आला तरी थांबायचा नाही. मामा पाइप धरायला शिकले, शिडी चढायला शिकले, कच्च्या भरतीत त्यांना हेल्मेटही मिळालं. पण दोनदा भोंगा झाला आणि दोन्ही वेळा गिऱ्हाइकाची मान झटकून, पावडर लावून, मागचा आरसा दाखवून मामा पोचले, तेव्हा समोर नुसता धूर. तोही बंबाचा!

दलाच्या प्रमुख गिरणीवाल्या ताई. दिवसभर पीठ दळायच्या आणि भोंगा झाला की तशाच पांढऱ्या भुवयांनी बंब हाकायच्या.

"मामा, तुमची पावडर लावून होईस्तोवर आग खोळंबणार आहे का? आता चुकलात तर हेल्मेट परत करा. माझ्याकडे दुसरी डोकी आहेत."

तेव्हापासून मामांचा नेम ठरला: सकाळी देवाला नमस्कार झाला की ते हेल्मेट पुसायचे, मग स्वतःचा चष्मा.

आणि अशातच एके दुपारी खुर्चीत येऊन बसला मामांचा मेहुणा. नव्या नोकरीसाठी फोटो काढायला निघालेला, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही.

"दाजी, तुम्ही आग विझवणार? अक्का सांगते, दूध उतू गेलं तरी तुम्ही आधी चप्पल शोधता."

"गाल फुगव आणि गप बस."

डावा गाल गुळगुळीत झाला. उजव्यावर फेस चढला. मामांनी वस्तरा उचलला आणि भोंगा वाजला.

हात हवेतच राहिला. इकडे अर्धी दाढी आणि इतक्या वर्षांची इभ्रत. तिकडे हेल्मेट. "देवा, ह्याचं तू बघ," म्हणत मामांनी वस्तरा मिटला आणि त्यांच्या पायांत कधी नव्हे ते वारं शिरलं.

"अहो दाजी! उजवा गाल!"

"तो कुठे पळून जातोय? पळायचंय मला!"

चौथ्या जागेवर मामा धपकन बसले. सुतार आणि दूधवाला भूत दिसल्यासारखे बघत राहिले. ताईंनी पांढऱ्या भुवया उंचावल्या आणि बंब नेहमीपेक्षा जोरात सुटला.

आग बेकरीच्या मागच्या खोलीत होती. रिकामी पोती पेटली होती. मामांनी पाइपाचं तोंड धरलं, सुताराने त्यांना मागून रेटून धरलं. पाणी आलं तसे दोघेही हेलपाटले, मग सावरले, आणि बघता बघता ज्वाळा बसल्या. बाहेर टाळ्या पडल्या. टाळ्यांमागून हशा. सायकल दामटत मेहुणा येऊन थडकला होता. गळ्यात दुकानाचं कापड, गालावर वाळलेला फेस.

"दाजी, फोटोवाला दुकान बंद करतोय!"

"डाव्या अंगाने काढ म्हणावं!" मामा आतून ओरडले.

"चला, पाइप गुंडाळा," ताई म्हणाल्या. सुतार निघाला, दूधवाला निघाला. मामांचा पाय निघेना. काहीतरी पुरं झालं नव्हतं. गरम टॉवेल गालावर टाकण्याआधी तो हाताच्या मागच्या बाजूने पारखायची त्यांची सवय. त्यांनी हातमोजा काढला आणि तसाच उलटा हात फळ्यांच्या भिंतीवरून फिरवला. इथे गार. इथेही गार. कोपऱ्यात कोमट. आणि खाली दाराजवळ चटका!

"मामा, बाहेर या! हातमोजा कोणाला विचारून काढलात?"

"ताई, पाणी पुन्हा सोडा."

"आग विझली, मामा."

"विझली नाही. लपलीय."

ताई तणतणत आत आल्या, भिंतीजवळ हात नेला आणि तशाच ओरडल्या, "सुतार! कुऱ्हाड!" फळी उचकटली तर आत निखारे डोळे वटारून बसलेले. आणि भिंतीपलीकडे, फळीला टेकून, बेकरीवाल्याच्या म्हाताऱ्या आईची खाट.

निखाऱ्यांवर पाणी पडलं, वाफ विरली. ताईंनी हात पुढे केला. हातमोजा काढल्याबद्दल असणार, मामांनी ओळखलं, आणि मुकाट्याने हेल्मेट उतरवून दिलं. ताईंनी त्यावरची राख फुंकली आणि ते परत मामांच्या डोक्यावर बसवलं, जरा तिरकंच.

"हातमोजा पुन्हा काढलात तर याद राखा. आत सगळ्यांबरोबर यायचं, बाहेर पडायचं सगळ्यांच्या शेवटी. तुमचा हात फिरल्याशिवाय मी आग विझली म्हणणार नाही. पक्की भरती. कबूल?"

मामांनी मान डोलावली आणि हेल्मेट सरळ केलं. मग वर बघत ते म्हणाले, "ताई..."

"आता काय?"

"माळा बघायचा राहिलाय."

आणि ते शिडी चढू लागले. ताईंनी सुताराला पाइप पुन्हा उलगडायला सांगितला आणि स्वतः खाली शिडी धरून उभ्या राहिल्या.