शिक्षेची वाटणी

आमच्या आत्याला काही समजावणं म्हणजे डोक्याला ताप. मी कामावर आले तर ही गाठोडं घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी उभी, आणि शिपायाला सांगतेय, "त्याला सोडा. आता मी बसते."

मी त्याच तुरुंगाच्या कचेरीत टायपिस्ट. आमच्या लोकांपैकी इथे पगारावर मी एकटीच. आत माझा धाकटा भाऊ. आमच्या डोंगरावर खाणीसाठी ठोकलेल्या मोजणीच्या खुंट्या त्याने उपटल्या, म्हणून नऊ महिने. चार झाले. पंधरा दिवसांपासून खोकताना रक्त पडतंय, आणि डॉक्टरसाठी मी केलेले तीन अर्ज जेलरसाहेबांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पडलेत.

आमच्यात शिक्षा एकट्या माणसाला होत नाही, घराला होते. घरातले सगळे पाळीपाळीने भोगतात. आत्या तीच रीत इथे चालवायला आली होती.

"अगं, हे त्यांचं सरकार आहे! इथे ज्याचं नाव कागदावर, तोच बसतो."

"मग त्याचं नाव खोड आणि माझं लिही. टाइप येतं ना तुला?"

घ्या! मी कपाळावर हात मारला.

आरडाओरडा ऐकून जेलरसाहेब बाहेर आले. सगळं ऐकून हसले. "बाई, एकाची शिक्षा दुसऱ्याला देता येत नाही. कायदा आहे."

"असं? तुमचे लोक होडीतून आले तेव्हा आमच्या आजोबांचा एकट्याचा अंगठा घेतला, आणि म्हणाले, सगळ्यांनी डोंगर दिला. तेव्हा एक माणूस म्हणजे सगळे होते. आता कसा एकटा झाला?"

साहेबांचं हसू गेलं. ते ओरडले, "सरकारी कामात अडथळा! घ्या हिला आत!" आणि माझ्याकडे वळले, "तू टाइप कर."

मी टाइप केलं. हो, केलं! नोकरी होती, भीती होती, दुसरं काय. आत्याने खुशीत अंगठा उठवला आणि विचारलं, "आता त्याला कधी सोडताय?"

सोडतायत कसले! आधी एक आत होता, आता दोन झाले. माझा नुसता संताप संताप झाला; साहेबांवर, तिच्यावर, त्या मेल्या टाइपरायटरवर.

"तुझ्यानंतर आणखी कोण येणारे?" तिला नेत होते तेव्हा मी विचारलं.

"उद्या काका. मग त्याची सून. मग तुझी आई."

"आणि मी?"

"तुला नाही धरलं." आत्या माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "तुझी नोकरी जाईल, पोरी."

शिवी दिली असती तर चाललं असतं. ही माया सहन होईना. माझ्या सख्ख्या भावाची शिक्षा वाटून घेतली आणि मला विचारलंसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी काका फाटकाशी येऊन बसले. मी कचेरीत गेलेच नाही.

"काका, सरका जरा," म्हटलं आणि शेजारी बसले. दुपारपर्यंत सून आली, आई आली. आईला तर चालवतही नव्हतं.

साहेब तणतणत आले. "तू? तू इथे काय करतेस? काय हवंय तुम्हाला?"

"डॉक्टर. आजच. बाविसावा नियम, रक्त पडत असेल तर चोवीस तासांत. हे पंधरा दिवस झाले. तीन अर्जांच्या तारखा सांगू का? वरच्या कचेरीत जाऊन सांगू?"

"तुला कामावरून काढीन!"

"काढा. पण आधी फोन करा."

त्यांनी फोन केला. संध्याकाळी डॉक्टरची गाडी आली आणि भावाला झोळीतून बाहेर आणलं. हाडं नि कातडं. आईने त्याचे पाय धरले, सोडेना. त्याने मान वळवून मला पाहिलं आणि पुटपुटला, "तू कशाला बसलीस? तुझी नोकरी..."

"गप रे!" मी ओरडले. "माझीही पाळी आहे."